आवर्तन आणि प्रपात : एका आकृतीच्या वाचनाचा इतिहास

मोठे काम हाती घेतल्यावर ते प्रारंभापासून अखेरपर्यंत एकाच सरळ रेषेत न्यावे, की त्याचे लहान लहान फेरे पाडून प्रत्येक फेऱ्याच्या अनुभवावरून पुढील फेऱ्याची आखणी करावी, हा प्रकल्प-व्यवस्थापनातील एक जुना प्रश्न होय. त्याचा इतिहास सामान्यतः असा सांगितला जातो : प्रथम सरळ रेषेची पद्धती होती, तिचे दोष अनुभवास आले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांच्या वर्तुळात, आवर्तनाची पद्धती उदयास आली. ही कथा सोयीची आहे, आणि म्हणूनच ती अनेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात आढळते. परंतु मूळ लेख काढून वाचले असता ती टिकत नाही. आवर्तनाचा विचार १९३९ सालीच ग्रंथरूपाने मांडला गेला होता. उलट सरळ रेषेच्या पद्धतीचे जनकत्व ज्या लेखाकडे दिले जाते, तो १९७० सालचा लेख त्या पद्धतीतील धोका दाखविण्यासाठी लिहिलेला आहे. हा विपर्यास कसा घडला, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा आहे. पण त्याहून अधिक तो वाचनाचा आणि संज्ञांचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी. या पद्धतीला इंग्रजीत जे विशेषण लावतात, त्याचे मूळ लॅटिनमधील ‘इतेरुम्’ या अव्ययात आहे. त्याचा अर्थ ‘पुन्हा’. तौलनिक व्याकरणाच्या अभ्यासकांना हे परिचितच आहे की, हे अव्यय आणि संस्कृत ‘इतर’ हे शब्द सगोत्र आहेत. दोहोंच्या मुळाशी ‘दोहोंपैकी दुसरा’ हा अर्थ आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘पुन्हा’ या कल्पनेत ‘तेच’ हा भाव नसून ‘दुसरे’ हा भाव आहे. मराठीने ‘आवृत्ती’ या शब्दात दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. पाठांतर करणारा विद्यार्थी आवृत्ती करतो, ती त्याच मजकुराची. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघते, तेव्हा तो ग्रंथ पूर्वीचाच असतो असे नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८३१ ची आणि १८५७ ची आवृत्ती शेजारी ठेवून पाहणाऱ्यास हा भेद निराळा समजावून देण्याचे कारण नाही. प्रस्तुत विवेचनात ‘आवर्तन’ हा शब्द या दुसऱ्या अर्थानेच योजिला आहे. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण पुढे ज्या घोटाळ्याचा विचार करावयाचा आहे, त्याचा काही अंश याच दोन अर्थांच्या सरमिसळीतून उद्भवलेला आहे.

वॉल्टर शूहार्ट हे अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत, व पुढे बेल टेलिफोन प्रयोगशाळेत, काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. मे १९२४ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे एक छोटेसे टिपण पाठविले. उत्पादनातील चढउतारांपैकी कोणते आकस्मिक व कोणते सकारण, हे ओळखण्याचा आलेख त्यात होता. कारखान्यातील गुणवत्ता-नियंत्रणाच्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा हा प्रारंभ मानतात. परंतु येथे अधिक महत्त्वाचा आहे तो त्यांचा दुसरा ग्रंथ. १९३८ साली वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पदव्युत्तर विद्यालयात त्यांनी दिलेली व्याख्याने डेमिंग यांनी संपादित करून १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. वस्तू कशी असावी हे ठरविणे, ती तयार करणे आणि तयार झालेली वस्तू पारखणे, या तीन पायऱ्या तोपर्यंत एका सरळ रेषेवर मांडल्या जात. शूहार्ट यांनी ती रेषा वाकवून तिचे वर्तुळ केले. पारखणीतून जे कळते त्याने ‘वस्तू कशी असावी’ या मूळ निर्णयातच पालट झाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी या तीन पायऱ्यांची सांगड वैज्ञानिक पद्धतीच्या तीन अंगांशी, म्हणजे गृहीतक, प्रयोग व गृहीतकाची परीक्षा यांच्याशी घातली. क्लॅरेन्स अर्विंग लुइस या तत्त्वज्ञाच्या १९२९ मधील ग्रंथाचा त्यांच्यावर पडलेला प्रभाव ते लपवीत नाहीत. कारखान्यातील उत्पादन ही ज्ञान मिळविण्याची एक क्रिया आहे, ही त्या काळी काहीशी विचित्र वाटावी अशी भूमिका त्यातून सिद्ध झाली. आवर्तनाच्या सर्व पुढील पद्धतींचे तात्त्विक बीज येथे आहे. त्यांच्या पुरस्कर्त्यांपैकी कितीजणांनी हा ग्रंथ उघडून पाहिला असेल, हा निराळा प्रश्न.

याच सुमारास हिंदुस्थानात एक मोठे काम प्रत्यक्ष आवर्तनांनी चालले होते. त्याचा उल्लेख व्यवस्थापनाच्या इतिहासात क्वचितच आढळतो. बंगालमधील तागाखालील क्षेत्राचा अंदाज नमुना-पाहणीने करण्याचे काम प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ साली हाती घेतले. संपूर्ण प्रांताची पाहणी एकदम आखणे त्यांना शक्य होते. पण नमुन्याचा चौकोन किती मोठा असावा, तसे चौकोन किती घ्यावेत, एकेका चौकोनाला किती मनुष्यबळ व पैसा लागेल, हे कागदावर बसून ठरविता येण्याजोगे नव्हते. म्हणून पहिल्या वर्षी लहानशा प्रदेशात पाहणी झाली. तीतून खर्चाचे व अचूकतेचे जे आकडे मिळाले त्यांवरून दुसऱ्या वर्षीची आखणी झाली. प्रदेश वाढत गेला. आणि १९४१ मध्ये पाहणीने सर्व प्रांत व्यापला. येथे प्रत्येक वर्षाच्या पाहणीचे फळ दुहेरी होते : एक तागाच्या क्षेत्राचा अंदाज, आणि दुसरे पाहणी कशी करावी याचे ज्ञान. अब्राहम वॉल्ड यांनी १९४५ मध्ये क्रमिक संख्याशास्त्रीय परीक्षेचा आपला सिद्धान्त मांडताना या बंगाली पाहण्यांचा पूर्वसूरी म्हणून नाव घेऊन निर्देश केला आहे. शूहार्ट स्वतः १९४७-४८ च्या हिवाळ्यात महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. तेव्हा या दोन परंपरा परस्परांस अपरिचित नव्हत्या, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

शूहार्ट यांचे वर्तुळ जपानात गेले ते डेमिंग यांच्याबरोबर. १९५० च्या उन्हाळ्यात जपानी शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून त्यांनी तेथे व्याख्याने दिली. रचना करा, वस्तू बनवा, बाजारात ठेवा, वापरणाऱ्याकडून ती कशी ठरली हे जाणून घ्या, आणि पुन्हा रचना करा, अशी साखळी त्यांनी तेथे मांडली. जपानी व्यवस्थापकांनी तिला स्वतःचे रूप दिले : योजना, कृती, तपासणी, कार्यवाही. या चौकडीला ते ‘डेमिंग चक्र’ म्हणू लागले. गंमत अशी की, ज्यांच्या नावाने हे चक्र जगभर फिरले त्यांनी ते कधीही आपले मानले नाही. पुढे अनेक वर्षांनी डेमिंग यांनी या चौकडीतील तिसऱ्या शब्दाला स्पष्ट हरकत घेतली. ‘तपासणी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात ‘रोखून धरणे’ हाही अर्थ आहे, तेव्हा त्या जागी ‘अभ्यास’ हाच शब्द पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आणि १९९३ मधील आपल्या अखेरच्या ग्रंथात त्यांनी तोच शब्द योजिला.

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. तसा तो नाही. तपासणी करणाऱ्याजवळ माप आधीच ठरलेले असते. वस्तू त्या मापात बसते किंवा बसत नाही, एवढाच निर्णय त्याला द्यावयाचा असतो. अभ्यास करणाऱ्यास मापही चुकीचे ठरू शकते ही शक्यता मान्य असावी लागते. शूहार्ट यांनी रेषेचे वर्तुळ केले ते या दुसऱ्या शक्यतेसाठी. ‘तपासणी’ हा शब्द येताच वर्तुळ आकृतीत राहिले, पण अर्थाने त्याची पुन्हा रेषा झाली. डेमिंग यांचा आग्रह मान्य झाला असता तर पुढील पुष्कळ वाद टळले असते, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु रूढ संज्ञा एकदा आद्याक्षरांत बांधली गेली की ती सोडविणे कर्त्यालाही साधत नाही.

आता संगणकाच्या क्षेत्राकडे वळावयाचे. मोठ्या आज्ञावली कशा रचल्या जातात याचे टप्प्याटप्प्याने वर्णन करणारा एक फार जुना लेख हर्बर्ट बेनिंग्टन यांचा आहे. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेल्या ‘सेज’ या अवाढव्य यंत्रणेच्या अनुभवावर आधारलेला हा निबंध त्यांनी जून १९५६ मध्ये एका परिषदेत वाचला. त्यात कामाची आखणी, तपशीलवार निश्चिती, लेखन, चाचणी, जुळणी असे टप्पे एकाखाली एक दाखविलेले आहेत. १९८३ साली संगणनाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकाने तो पुनर्मुद्रित केला, तेव्हा बेनिंग्टन यांनी त्याला नवी प्रस्तावना जोडली. मूळ निबंधात न सांगितलेली एक गोष्ट त्यांनी त्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. हे टप्पे सुरू होण्यापूर्वी ३५,००० आज्ञांची एक प्रायोगिक आज्ञावली तयार करण्यात आली होती, हवाई संरक्षणाची सर्व मूलभूत कार्ये ती पार पाडीत असे, आणि सुमारे वीस माणसांना तिची खडान्‌खडा माहिती होती. म्हणजे जे काम सरळ रेषेचा नमुना म्हणून वाचले गेले, ते वस्तुतः दुसरे आवर्तन होते. पहिले आवर्तन लेखकाच्या लेखी इतके गृहीत होते की त्याचा उल्लेख करण्याचे त्याला सुचले नाही. सत्तावीस वर्षांनी हे वाक्य प्रसिद्ध झाले. तोपर्यंत निबंधाचा अर्थ रूढ होऊन गेला होता.

अवकाशयात्रेच्या अमेरिकी ‘मर्क्युरी’ प्रकल्पात तर आवर्तने अर्ध्या दिवसाची होती. काम करणाऱ्यांनी आधी चाचणी लिहावी, मग ती पार पडेल एवढाच आज्ञावलीचा तुकडा लिहावा, असा तेथील शिरस्ता असल्याचे त्यात भाग घेतलेल्यांनी पुढे सांगितले आहे. हे १९६० च्या आसपासचे.

विन्स्टन रॉइस यांचा लेख ऑगस्ट १९७० चा. रॉइस हे टीआरडब्ल्यू या कंपनीत अंतराळयानांच्या कामासाठी लागणाऱ्या आज्ञावलींवर देखरेख करीत. मोठ्या आज्ञावली-संचांच्या विकासाचे व्यवस्थापन हा लेखाचा विषय. विस्तार अवघ्या दहा-अकरा पृष्ठांचा, आणि त्यात आकृती दहा. पहिल्या आकृतीत दोनच चौकटी आहेत : विश्लेषण आणि संकेतलेखन. लहान कामाला, आणि विशेषतः करणारा व वापरणारा एकच असेल अशा कामाला, एवढे पुरे आहे असे ते म्हणतात. दुसऱ्या आकृतीत सात चौकटी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत येतात. संपूर्ण यंत्रणेच्या गरजा, आज्ञावलीच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, संकेतलेखन, चाचणी व प्रत्यक्ष वापर असा त्यांचा क्रम असून बाण सर्व खालच्या दिशेने आहेत. हीच ती जगप्रसिद्ध आकृती.

तिच्यानंतरच्या पृष्ठाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. मूळ कल्पनेवर आपला विश्वास आहे, परंतु ती या रीतीने अंमलात आणणे धोक्याचे असून अपयशाला आमंत्रण देणारे आहे, असा स्पष्ट अभिप्राय रॉइस देतात. त्याचे कारणही ते देतात. वेळेचे बंधन, साठवणीची क्षमता, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या माहितीची ने-आण या गोष्टी चाचणीच्या टप्प्यावर प्रथमच अनुभवास येतात. त्यापूर्वी त्यांचे केवळ विश्लेषण झालेले असते, आणि त्या विश्लेषणाने नेमक्या सांगता येण्यासारख्या नसतात. तेथे काही बिनसले तर किरकोळ दुरुस्तीने भागत नाही. आराखडा बदलावा लागतो, क्वचित मूळ गरजाही बदलाव्या लागतात. मग काम पुन्हा उगमाशी येते, आणि मुदत व खर्च दुपटीवर जाऊ शकतात. तिसऱ्या आकृतीत त्यांनी लगतच्या दोन पायऱ्यांत परतीचे बाण दाखविले, आणि चौथ्या आकृतीत हे परतणे दुर्दैवाने लगतच्या पायरीपुरते राहत नाही हेही दाखविले.

यापुढे त्यांनी पाच उपाय सुचविले आहेत. त्यांतील तिसरा येथे विशेष महत्त्वाचा : काम दोनदा करा. ग्राहकाच्या हाती जे अखेर द्यावयाचे ते दुसरे असावे. एखादे काम तीस महिन्यांचे असेल तर त्यातील दहा महिने छोट्या प्रमाणावरील पथदर्शी नमुन्याला द्यावेत, असे उदाहरणही ते देतात. ग्राहकाला प्रारंभापासून व वारंवार कामात गुंतवून घ्यावे, हा पाचवा उपाय.

एवढ्यावरून रॉइस यांना आवर्तनपद्धतीचे आद्य प्रवर्तक ठरविण्याची घाई अलीकडे काही लेखकांनी केली आहे. तेही समर्थनीय नाही. त्यांच्या पाच उपायांपैकी दुसरा उपाय लेखी कागदपत्रांचा असून त्याबाबत ते कमालीचे कठोर आहेत. पन्नास लाख डॉलरचे यंत्र विकत घ्यावयाचे तर तीस पृष्ठांचे वर्णन पुरते. तेवढ्याच किमतीच्या आज्ञावलीला पंधराशे पृष्ठे लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. ‘दोनदा’ म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’ नव्हे. रॉइस यांचे पुत्र, जे पुढे याच व्यवसायात नामांकित झाले, त्यांनी आपले वडील नेहमीच आवर्तनाचे पुरस्कर्ते होते असे सांगितले आहे. त्या साक्षीला चरित्रदृष्ट्या मोल आहेच. परंतु लेखाचा अर्थ लेखातूनच काढावयाचा असतो, आणि लेखात आढळतो तो सरळ रेषेवर अंशतः विश्वास असलेला, पण तिच्याखाली दबलेले प्रकल्प डोळ्यांनी पाहिलेला एक अनुभवी अधिकारी. त्याने काढलेली दुसरी आकृती ही पूर्वपक्षाची आकृती होती. भारतीय शास्त्रग्रंथांच्या अभ्यासकाला ही रीत पूर्ण परिचयाची आहे. पूर्वपक्ष जितका स्वच्छ मांडावा तितके त्याचे खंडन सबळ होते. मात्र वाचकाने तेथेच ग्रंथ मिटला तर पूर्वपक्षच ग्रंथकाराचे मत म्हणून फिरू लागतो.

झाले ते हेच. ‘प्रपात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द रॉइस यांच्या लेखात कोठेही नाही. तो १९७६ मध्ये बेल व थेयर या दोघांच्या एका निबंधात प्रथम आढळतो. तेथे त्यांनी रॉइस यांच्या लेखाचा निर्देश करून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या कामांना हे नाव दिले. नाव चपखल होते. आकृती तशी दिसतेच. पण रूपकाने आपल्याबरोबर एक विधानही आणले. जिन्यावरून माणूस उतरतो तसा चढतोही. कड्यावरून कोसळलेले पाणी माघारी जात नाही. ज्या परतीच्या बाणांसाठी रॉइस यांनी तिसरी आणि चौथी आकृती काढली, त्यांना या नावात जागाच उरली नाही. संज्ञा अर्थाला बांधून घेते याचे याहून लख्ख उदाहरण शोधण्यास फार हिंडावे लागेल.

यानंतर दुसरी आकृती एकटीच प्रवास करू लागली. पाठ्यपुस्तकांनी ती उचलली, त्यांवरून प्रशिक्षणाच्या पुस्तिका झाल्या, आणि जून १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आज्ञावली-विकासाचे जे २१६७ क्रमांकाचे मानक जारी केले, त्याचा सांगाडा मुख्यतः याच जिन्याचा होता. प्रत्येक पायरीला तिची कागदपत्रे, कागदपत्रांना मंजुरी, आणि मंजुरीनंतर पुढची पायरी. संरक्षण खात्यासारखा ग्राहक जे मानक लावतो ते त्याच्या कंत्राटदारांना पाळावे लागते, आणि मग इतर देशांची मानके त्याकडे पाहून तयार होतात. या मानकाच्या प्रमुख कर्त्याने सुमारे दहा वर्षांनी त्याबद्दल खेद व्यक्त केल्याचे नमूद आहे. आपण ज्यांना विचारले त्या सर्वांनी, आणि जे वाङ्मय चाळले त्यानेही, हीच पद्धती उत्तम म्हणून सांगितली. आवर्तनाची पद्धती तेव्हा आपल्या कानीच आली नव्हती, असे त्याचे निवेदन होते.

हे निवेदन प्रामाणिक मानावयास हरकत नाही, आणि म्हणूनच ते अधिक विचार करावयास लावते. कारण ज्या खात्यासाठी हे मानक लिहिले गेले, त्याच खात्याच्या कामांत आवर्तनाचे भरघोस यश तोपर्यंत जमा होते. १९७२ च्या सुमारास ‘ट्रायडंट’ पाणबुडीच्या नियंत्रणव्यवस्थेची दहा लाखांहून अधिक ओळींची आज्ञावली आयबीएमच्या एका विभागाने प्रत्येकी सुमारे सहा महिन्यांच्या चार आवर्तनांत रचली. नौदलाच्या ‘लॅम्प्स’ या प्रकल्पात चार वर्षांत पंचेचाळीस आवर्तने झाली. हार्लन मिल्स यांनी १९८० मध्ये लिहिल्याप्रमाणे त्यांतील प्रत्येक आवर्तन मुदतीत व अंदाजी खर्चाच्या आत पार पडले. अवकाश-शटलच्या मुख्य आज्ञावलीचे काम १९७७ ते १९८० या अवधीत एकतीस महिन्यांत सतरा आवर्तनांनी झाले, म्हणजे सरासरी एक आवर्तन आठ आठवड्यांचे. तेथे तर पर्यायच नव्हता; यानाच्या गरजा काम चालू असतानाच बदलत होत्या. व्हिक्टर बासिली व अल्बर्ट टर्नर यांनी १९७५ मध्ये लहान गाभ्यापासून आरंभ करून आवर्तनागणिक आज्ञावली वाढवीत नेण्याची पद्धती शास्त्रीय नियतकालिकात मांडली होती. माहिती उपलब्ध होती, अनुभव उपलब्ध होता. मग मानक लिहिणाराच्या कानी ती गेली कशी नाही?

याची कारणे एकाहून अधिक आहेत. त्यांतील सर्वांत बळकट कारण कराराच्या स्वरूपात आहे. सरकारी खरेदीत किंमत आधी ठरते, आणि किंमत ठरवावयाची तर काय विकत घ्यावयाचे तेही आधी लिहावे लागते. जिन्याची आकृती कराराच्या कलमांत जशीच्या तशी बसते : पायरी तेथे हप्ता. आवर्तनाची आकृती बसत नाही. कारण तिसऱ्या फेऱ्यात काय करावयाचे ते दुसरा फेरा झाल्यावर कळेल, हे वाक्य कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही. दुसरे कारण अगदी साधे. पहिली पद्धती एका आकृतीत शिकविता येते. दुसरी शिकविण्यास काम करून दाखवावे लागते. तिसरे कारण विद्येच्या व्यवहारातील एक जुनी खोड आहे : पुढच्या लेखकाने मागच्याचा संदर्भ मूळ लेख न उघडता घ्यावयाचा. परिषदांच्या कार्यवृत्तांत छापलेला लेख मिळविणे १९७० च्या दशकात सोपे नव्हते, हे येथे त्या लेखकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. रॉइस यांचा लेख १९८७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कार्यवृत्तात पुनर्मुद्रित झाला, तेव्हा कोठे तो अनेकांच्या हाती आला.

योगायोगाने त्याच वर्षी फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या अध्यक्षतेखालील एका समितीने संरक्षण खात्याला सादर केलेल्या अहवालात या मानकाची पद्धती बदलण्याची शिफारस केली. बॅरी बोहेम यांनी १९८६ मध्ये व पुन्हा १९८८ मध्ये सर्पिल आकृती मांडली. तीत प्रत्येक वेढ्याच्या प्रारंभी ‘या कामात सर्वांत मोठा धोका कोणता?’ हा प्रश्न विचारावयाचा असतो, आणि त्याच्या उत्तरावरून वेढ्याचे स्वरूप ठरते. बोहेम हेही टीआरडब्ल्यूमधलेच. डिसेंबर १९९४ मध्ये नव्या मानकाने जुन्याची जागा घेतली आणि टप्प्यांची सक्ती सैल केली. एका आकृतीच्या अपुऱ्या वाचनाने घडलेले मानक सुमारे साडेनऊ वर्षे अंमलात होते. या काळात किती काम वाया गेले याचा हिशेब लावणे कठीण आहे.

असा हिशेब लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. परंतु त्यांत दुसऱ्या पक्षाचे वाचनही तितकेच सदोष ठरले. अमेरिकी सरकारच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने १९७९ मध्ये आज्ञावलीच्या कंत्राटांवर एक अहवाल काढला. त्यातील नऊ कंत्राटांच्या एका कोष्टकात, एकूण सुमारे अडुसष्ट लाख डॉलरपैकी जेमतेम दोन टक्क्यांची आज्ञावली जशी आली तशी वापरता आली, असे दिसते. हे दोन टक्के पुढे अनेक व्याख्यानांत, जणू काही सर्व सरकारी आज्ञावलींची ही स्थिती होती अशा थाटात, जुन्या पद्धतीच्या दिवाळखोरीचा पुरावा म्हणून सांगितले गेले. प्रत्यक्षात ती नऊ कंत्राटे अडचणीत आली होती म्हणूनच निवडलेली होती. रुग्णालयात गणती करून गावाच्या प्रकृतीचे अनुमान काढण्यासारखेच हे झाले. मूळ कोष्टक न पाहता आकडा उचलणारे आणि मूळ लेख न वाचता आकृती उचलणारे यांच्यात डावे-उजवे करण्याचे कारण नाही.

आवर्तनपद्धतीला आज जे रूढ रूप आहे त्याची शब्दसंपत्ती क्रीडांगणावरून आली. ताकेउची व नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स इत्यादी कंपन्यांत नव्या वस्तू कशा तयार होतात याचे वर्णन केले. एकाने पळून दुसऱ्याच्या हाती दांडू देण्याच्या शर्यतीपेक्षा ते काम रग्बीच्या खेळासारखे असते, सारा संघ चेंडू आपसात देत एकत्रच पुढे सरकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या लेखात आलेला ‘स्क्रम’ हा रग्बीतील शब्द जेफ सदरलंड व केन श्वेबर यांनी आपल्या पद्धतीला दिला, आणि १९९५ मध्ये ती पद्धती एका परिषदेपुढे ठेवली. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यात सतरा जणांनी प्रसिद्ध केलेला जाहीरनामा सर्वश्रुत आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

आवर्तनाला या पद्धतीत ‘स्प्रिंट’ म्हणतात. हा शब्द फारसा विचारपूर्वक निवडलेला दिसत नाही. छोट्या अंतराची जीव खाऊन केलेली धाव असा त्याचा अर्थ. आणि एक धाव संपताच दुसरी सुरू करावयाची, वर्षानुवर्षे, हे कोणत्याही धावपटूला न पेलणारे आहे. भारतीय संगीतात तालाचे आवर्तन समेवर येते आणि तेथूनच पुढे जाते. त्या शब्दात गतीची कल्पना आहे, दमछाकीची नाही.

या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही एका शब्दाचा असाच प्रवास झालेला आहे. आवर्तनाच्या प्रारंभी काम करणारा गट ‘या अवधीत आम्ही एवढे काम करू’ असे सांगतो. त्या सांगण्याला प्रथम ‘वचन’ या अर्थाचा शब्द होता. व्यवस्थापकांनी तो शब्दशः घेतला. वचन पाळले की नाही याची मोजदाद होऊ लागली, आणि प्रत्येक आवर्तन म्हणजे आखूड मुदतीचा एक करार होऊन बसले. जिना गेला नव्हता, त्याच्या पायऱ्या तेवढ्या लहान झाल्या होत्या. २०११ च्या सुधारणेत तो शब्द काढून तेथे ‘अंदाज’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. २०२० च्या आवृत्तीत ‘वचन’ पुन्हा परतले आहे, पण आता ते कामाच्या परिमाणाला जोडलेले नाही. आवर्तनाच्या उद्दिष्टाला जोडलेले आहे.